विनंती नसलेलं पत्र

मला परवानगी मागायचा तिटकारा आहे. पन्नाशीनंतर तो कमी होईल असं माझ्या नवऱ्याला वाटत होतं, पण तो वाढतच गेला. कॉलेजात रजेचा कागद देताना मी 'रजा मिळावी ही नम्र विनंती' असं लिहीत नाही. 'मंगळवारी रजेवर आहे' एवढंच लिहिते. आमचे हेडक्लार्क सुरुवातीला तो कागद माझ्याकडे परत पाठवायचे, मी तो तसाच पुन्हा त्यांच्याकडे पाठवायचे. सात-आठ वर्षांनी ते थकले आणि मग आमचे संबंध फार चांगले झाले.

मी नाशिकच्या एका अनुदानित कॉलेजात सव्वीस वर्षं अर्थशास्त्र शिकवते आहे. माहेर देवळ्याकडचं, कांद्याचं. माझं राजकारण एका दमात सांगून होतं: सरकारनं रस्ता करावा, चोर पकडावा, कोर्ट वेळेवर चालवावं, आणि माणसाच्या ताटात, पुस्तकात, लग्नात आणि शेतात डोकावू नये. वर्गात हे सांगितलं की मुलं माना डोलावतात. स्टाफरूममध्ये सांगितलं की भांडण होतं. तिथल्या डाव्यांच्या टेबलावर मी शेठजींची वकील आणि उजव्यांच्या टेबलावर संस्कृतीची वैरीण. एखाद्या सिनेमावर बंदी घाला म्हणणाऱ्यांशी मी हुज्जत घालते तेव्हा डावं टेबल मला चहा पाजतं. शेतमालावर बंदी घालू नका म्हटलं की तेच टेबल माझ्याकडे पाठ करतं आणि चहा पलीकडून येतो. त्यामुळे मी डबा खिडकीपाशी एकटी खाते. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

त्या हिवाळ्यात कांद्याची निर्यात बंद झाली. दिल्लीत एक कागद निघाला आणि इकडे बाजार समित्यांमधले लिलाव थांबले. लाल कांदा शेतात तयार होता. लाल कांदा शेतावरच्या चाळीत साठवून ठेवता येत नाही, काढला की विकावा लागतो, हे दिल्लीला माहीत नसेल असं मला वाटत नाही. घरोघरी फोन सुरू होते. माझा भाऊ फोनवर फक्त 'बघू' म्हणायचा. एरवी तो अर्धा तास बोलणारा माणूस.

नेमकी त्याच दिवसांत आमच्या कॉलेजची वक्तृत्व स्पर्धा आली. आमच्याकडे पद्धत अशी की भाषण आठ दिवस आधी लिहून समितीकडे द्यायचं. समिती ते तपासते. शुद्धलेखन, वेळ वगैरे बघायला म्हणून ही पद्धत सुरू झाली, आणि मग हळूहळू समितीला सगळंच बघायची सवय लागली. समितीत आम्ही तिघं, त्यात मी सगळ्यात ज्येष्ठ. प्रमुख पाहुणे सत्तेतले येणार होते. 'जरा बघून घ्या' एवढाच निरोप वरून आला. मला निरोप कळला नाही असं म्हणायची सोय नाही.

एक भाषण होतं, 'कांद्याला कुलूप'. लिहिणारी मुलगी बागलाणातली, सटाण्याच्या पुढच्या एका गावातली, तिसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर राहणारी. वर्गात मागच्या बाकावर बसायची आणि मी काही ठाम बोलले की वहीत लिहून घ्यायच्या ऐवजी माझ्याकडे टक लावून बघायची. तिचं भाषण चांगलं होतं. चांगलं म्हणजे, वाचताना मला माझ्या भावाचा आवाज ऐकू आला.

आता माझी एक सवय सांगते. मी मुलांच्या लिखाणातलं काहीही खोडत नाही. लाल पेन तर मी घरातसुद्धा ठेवत नाही. मी पेन्सिलीनं कंस टाकते आणि सांगते, वेळ उरला तर हे घे. खोडणं म्हणजे जबरदस्ती, कंस म्हणजे सल्ला. हा फरक मी नव्या प्राध्यापकांना मोठ्या अभिमानानं समजावून सांगत असे. सव्वीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं कंसातलं वाक्य स्टेजवर वाचलेलं नाही, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं, किंवा आलं असेल आणि मी त्याला हिंग लावून विचारलं नसेल.

'कांद्याला कुलूप'मध्ये मी कंस टाकत गेले. मुलीचं नुकसान होऊ नये, निकालाचं वर्ष आहे, उगाच कुणाच्या डोळ्यांवर येईल, असं मनाशी म्हणत टाकत गेले. बाकीच्या दोघांनी खाली 'विषय बदलावा' असा शेरा लिहिला. त्याखाली मी सही केली. तिला 'प्लास्टिकमुक्त नाशिक' हा विषय देण्यात आला.

दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूममध्ये आली. मी खिडकीपाशी डबा उघडून बसले होते. तिनं ते कागद माझ्या डब्याशेजारी ठेवले.

"मॅडम, कंसाच्या बाहेर जेवढं उरलंय तेवढं वाचून दाखवू का?"

"बस आधी," मी म्हणाले.

ती बसली नाही. उभ्यानंच तिनं वाचलं. "सन्माननीय व्यासपीठ, आदरणीय परीक्षक आणि माझ्या मित्र-मैत्रिणींनो. माझे वडील कांदा पिकवतात. एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते."

डाव्या टेबलावर कुणीतरी हसलं. उजव्या टेबलावरही हसले. त्या दोन टेबलांना एकत्र हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"वर्गात तुम्हीच सांगतात ना मॅडम," ती म्हणाली, "की बोलायचा हक्क कोणी देत नसतं, तो असतोच. मग तो असा कंसात असतो का?"

मला राग आला. आधी तिचाच आला, खोटं कशाला बोलू. चार लोकांत पाणउतारा केला म्हणून आला. मग डब्यातली भाजी ढवळता ढवळता तो राग फिरला आणि माझ्यावरच येऊन आदळला. तडजोड मी आयुष्यात पुष्कळ केली आहे, पण ती करताना हातात पेन्सिल घेऊन स्वतःला उदार समजत होते, हे मला सहन होईना.

"स्पर्धेत भाग घेऊ नकोस," मी म्हणाले. "माझ्याकडे बोल. रविवारी सकाळी दहा वाजता, आमच्या बिल्डिंगखाली. मी माणसं बोलावते. पूर्ण भाषण कर."

"तिथं चालतं का असं?"

"माझ्या घराखाली काय चालतं ते मी ठरवते," मी ठसक्यात म्हणाले. हे अर्थातच खरं नव्हतं. आमची बिल्डिंग सोसायटीची आहे.

सोसायटीचे चेअरमन पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. अतिशय सज्जन माणूस. लिफ्ट बंद पडली तर माझी भाजीची पिशवी तीन मजले वर आणून देतात. मला वहिनी म्हणतात. व्हॉट्सअॅपवर माझं निमंत्रण फिरलं आणि तासाभरात ते आमच्या दारात.

"वहिनी, भाषण वगैरे ठेवलंय म्हणे पार्किंगमध्ये?"

"हो. या ना तुम्हीपण."

"येतो की. फक्त दोन ओळींचा एक विनंती अर्ज देऊन ठेवा. मी लगेच मंजूर करतो. इथंच उभ्या उभ्या करतो." त्यांनी खिशातून पेनसुद्धा काढलं.

"अर्ज कशाला?"

"सोसायटीची जागा आहे."

"गेल्या महिन्यात तुमच्याकडचा सत्यनारायण पार्किंगमध्येच झाला. अर्ज दिला होता?"

"ते धार्मिक असतं, वहिनी."

"माझंही धार्मिकच आहे."

ते हसले. मी हसले नाही, कारण मी विनोद केला नव्हता. मग तेही गंभीर झाले आणि म्हणाले की विषय राजकीय आहे, उद्या कुणी आक्षेप घेतला तर चेअरमन म्हणून त्यांना जाब द्यावा लागेल, अर्ज असला की कागद तरी असतो. अर्ज नसेल तर पार्किंगची मोकळी जागा वापरू देता येणार नाही. हे त्यांनी इतक्या अजिजीनं सांगितलं की अर्ज त्यांनीच मला दिल्यासारखं वाटलं.

"मोकळी जागा नको," मी म्हणाले. "माझ्या गाडीची जागा आहे ना, खरेदीखतात लिहिलेली? ती मी वापरीन. गाडी रस्त्यावर लावते."

"त्या पट्ट्यात किती माणसं बसणार?"

"बसतील तेवढी."

जाता जाता ते दारात वळले. "पोलिसांना तरी सांगून ठेवा हो. नाहीतर कुणी फोन केला तर मला जावं लागेल तिकडे."

हे मात्र मला पटलं. माझ्यामुळे त्या माणसाला चौकीच्या बाकावर बसावं लागलं असतं तर मला वाईट वाटलं असतं. माझा नवरा आतल्या खोलीतून सगळं ऐकत होता. तो अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, दिवसभर लोकांना गेटपास देणं हेच त्याचं काम.

"अगं, दोन ओळींचा तर अर्ज," तो म्हणाला. "ते देतायत ना परवानगी? मग मागायला तुझं काय जातं?"

"देतायत म्हणूनच मागायची नाही."

"हे मला कळत नाही."

"सव्वीस वर्षं सांगतेय."

"सव्वीस वर्षं कळत नाहीये," तो म्हणाला आणि पेपर वाचू लागला. मग पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, "आणि रविवारी सकाळी दहाला कोण येणार? सगळं नाशिक मिसळ खायला बाहेर पडलेलं असतं."

पोलिसांसाठी मी पत्र लिहिलं. आमच्या बिल्डिंगखाली माझ्या मालकीच्या जागेत रविवारी सकाळी दहा ते अकरा भाषण आहे, लाउडस्पीकर नाही, मंडप नाही, वीसेक माणसं असतील, आपल्या माहितीसाठी कळवत आहे. खाली सही. शनिवारी कॉलेज सुटल्यावर मी ते घेऊन पोलीस ठाण्यात गेले. टेबलामागे पन्नाशीचे एक हवालदार बसले होते. चष्मा कपाळावर होता तो त्यांनी नाकावर घेतला आणि पत्र वाचलं. वाचून झाल्यावर कागद उलटा करून मागची बाजू पाहिली.

"मॅडम, ह्याच्यात विनंती कुठं हाये?"

"विनंती नाहीये."

"मग मी मंजूर काय करू?"

"काही करू नका. तुम्हाला माहीत असावं म्हणून दिलंय."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आम्हाला माहीत करून द्यायला कोणी येत नाय, मॅडम. येतो तो मागायला येतो, नायतर रडायला येतो."

"मी दोन्हीला आले नाहीये."

"बरं, समजा, साहेब नाय म्हणले तर?"

"कशाला नाही म्हणतील? मी काही विचारलेलंच नाही."

"जमावबंदी असली तर?"

"आहे का?"

"आज नाय," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. मग पुढं झुकून आवाज उतरवून म्हणाले, "मॅडम, मी सांगू का? खाली एक ओळ टाका. 'तरी परवानगी मिळावी ही नम्र विनंती.' साहेब लय चांगले हायेत. पाच मिनिटांत सही आणून देतो. तुमचं काम होईल आन् माझं रजिस्टर बी पुरं होईल."

तो माणूस मनापासून मदत करत होता. मी क्षणभर विरघळले. खरंच काय बिघडणार होतं? परवानगी मिळाली असती, चहासुद्धा मिळाला असता. पण हीच तर अडचण आहे. ज्या गोष्टीला नाही म्हणायचा अधिकार कुणाला नाही, तिच्यासाठी मी आज हो म्हणवून घेतलं की उद्यापासून तो अधिकार त्यांचा झाला, आणि तो माझ्या सहीनं झाला. पुढच्या वेळी दुसरे साहेब असतील. ते लय चांगले नसतील. त्यांच्यापुढे माझ्याच हातचा जुना कागद असेल, की ह्या बाईंनी मागच्या वेळी विचारलं होतं. देशात असे कागद लाखोंनी आहेत. आपण सगळ्यांनी ते आनंदानं लिहून दिले, खाली 'आपला विश्वासू' म्हणून सह्या केल्या, आणि मग सरकार फार माजलं म्हणून कट्ट्यावर बसून तक्रारी केल्या. मला त्या कट्ट्याचाही राग येतो.

"ओळ टाकणार नाही," मी म्हणाले. "माफ करा. तुमच्यावर राग नाही."

त्यांनी उसासा टाकला आणि आवक रजिस्टर पुढं ओढलं. माझं नाव लिहिलं, विषय लिहिला. शेवटच्या रकान्यात 'काय कारवाई केली' असं छापलेलं होतं. तिथं त्यांचं पेन बराच वेळ थांबलं. मग त्यांनी लिहिलं, 'वाचले'. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला. माझ्या दुसऱ्या प्रतीवर त्यांनी पोहोच म्हणून गोल शिक्का मारून दिला आणि मी तो घरी येऊन नवऱ्याला दाखवला.

"शिक्का लागला म्हणजे शेवटी तुला," तो म्हणाला.

प्रत मी जपून ठेवली, हे खरं.

रविवारी थंडी होती. आम्ही नऊलाच गाडी रस्त्यावर काढली. पांढऱ्या पट्ट्यांच्या आत माझ्या नवऱ्यानं खुर्च्या लावल्या, गुडघ्याला गुडघा लागेल अशा. एकाही खुर्चीचा पाय पट्ट्याबाहेर जाऊ द्यायचा नाही असं मी बजावलं होतं आणि तो वाकून वाकून बघत होता, टेप घेऊन बसला नाही एवढंच. नाशिककर मिसळ खाऊन पण वेळेवर आले. माझे काही विद्यार्थी आले, बिल्डिंगमधले काहीजण आले, स्टाफरूममधून कुणीही आलं नाही. चेअरमन आपली घडीची खुर्ची घेऊन खाली उतरले, शेजारच्या पट्ट्यात स्वतःच्या गाडीपुढे ती उघडली आणि स्वतःच्या मालकीच्या जागेत बसले. मी त्यांना नमस्कार केला. त्यांनीही केला.

त्याआधी, साडेनऊला, ती मुलगी वर आमच्या घरी आली होती. हातात नव्यानं लिहिलेले कागद. आल्या आल्या तिनं ते मला दिले.

"एकदा बघून देतात का मॅडम?"

हे मला खटकायला हवं होतं. खटकलं नाही. विद्यार्थी कागद देतात, आपण बघून देतो. माझा हात टेबलावरच्या पेन्सिलीकडे आपोआप गेला.

पहिलं पान झकास होतं. दुसऱ्या पानावर हे होतं: 'ज्या मॅडम आम्हाला स्वातंत्र्य शिकवतात त्यांनीच माझं आधीचं भाषण कंसात टाकलं. माझ्या बापाचा बाजार सरकारच्या एका कागदानं बंद होतो. मॅडमचा पगार एक तारखेला येतो, तो कोणत्या बाजारातून येतो? सरकारनं शेतकऱ्याच्या कांद्याला हात लावू नये असं मॅडम म्हणतात. सरकारच्या पगाराला त्या हात लावतात.'

मी तो परिच्छेद दोनदा वाचला. मग मी म्हणाले, "हे जरा व्यक्तिगत होतंय. मूळ विषय बाजूला पडतो बघ." आणि कंस टाकला. "वेळ उरला तर घे."

ती त्या कंसाकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर राग नव्हता, ते मला आता जास्त लागतं. "बरं मॅडम," ती म्हणाली आणि कागद घेऊन खाली गेली.

दहा वाजता तिनं सुरुवात केली. माइक नव्हता आणि लागलाही नाही. लाल कांदा कसा काढतात, काढल्यावर तो किती दिवस दम धरतो, लिलाव थांबला त्या दिवशी तिचे वडील भरलेला ट्रॅक्टर वळवून घरी आले आणि अंगणात नुसते उभे राहिले, हे तिनं सांगितलं. शहरातल्या ताटात कांदा स्वस्त पडावा म्हणून खेड्यातल्या माणसानं तो कुणाला विकायचा ते दुसराच ठरवतो, मग तो माणूस मालक कशाचा, असं तिनं विचारलं. चेअरमन मान हलवत होते. मग तिनं दुसरं पान वर घेतलं. तिची नजर पानावरून खाली घसरली, मधला भाग ओलांडून पुढं गेली, आणि ती पुढचं वाचू लागली.

मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. छातीवरचं ओझं उतरावं तसं सुटल्यासारखं वाटलं. आणि तसं वाटलं याची इतकी लाज वाटली की माझे कान तापले. पोलीस ठाण्यात एक ओळ लिहायला मी नकार दिला होता आणि त्याच हातानं सकाळी हिच्या पाच ओळी काढून घेतल्या होत्या. ठाण्यात तो माणूस निदान विचारत तरी होता.

मी उठून उभी राहिले. पट्ट्यातल्या सगळ्या खुर्च्या करकरल्या.

"थांब जरा," मी म्हणाले. "हिनं आत्ता एक परिच्छेद गाळला. तो माझ्याबद्दल आहे. मी सकाळी त्याला कंस टाकला म्हणून गाळला. कॉलेजातलं भाषणही मीच अडवलं होतं, माझी सही आहे त्यावर. तर त्या परिच्छेदात हिनं असं लिहिलंय की—"

"मॅडम," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं.

"तुम्ही बसा. ते माझं आहे. मी सांगते."

मी बसले. काय करणार होते? ती बरोबर होती. तिचं वाक्य तिच्या तोंडून काढून घेऊन मी स्वतःच्या प्रामाणिकपणाची जाहिरात करायला निघाले होते.

तिनं कागद खाली ठेवले आणि पाठ बोलली. कागदावर होतं त्याच्यापेक्षा खूप जास्त बोलली. माझा पगार काढला, माझं पेन्शन काढलं, वर्गातली माझी वाक्यं माझ्याच आवाजात म्हणून दाखवली आणि मुलं फिदीफिदी हसली. हसू थांबेपर्यंत ती थांबली. मग तिची भाषाच बदलली. इतका वेळ ती पुस्तकातलं मराठी बोलत होती, आता घरची अहिराणी आली.

"मना बापना कांदा शे, सरकारना नही," ती म्हणाली. "आन् मना शब्द बी मनाच शेतस. मॅडमना नहीत."

शेजारच्या पट्ट्यातून चेअरमन माझ्याकडे झुकले. "वहिनी, ही तर तुमच्यावरच घसरली. थांबवा की आता."

"मी कोण थांबवणार?" मी म्हणाले. हळू बोलायचं ठरवलं होतं, पण ते मोठ्यानं निघालं आणि सगळ्यांनी ऐकलं.

तिनंही ऐकलं. "मॅडमना काही सांगायचं असेल तर त्यांनी सांगावं," ती म्हणाली. "पगाराचं सांगावं."

आता सगळे माझ्याकडे बघत होते. माझा नवरा खुर्चीच्या पायांकडे बघत होता. माझ्याकडे उत्तरं होती. अर्थशास्त्राची सव्वीस वर्षांची उत्तरं होती, व्यवस्था जशी आहे तशी तिच्यात राहूनच वगैरे, आणि ती सगळी त्या क्षणी मला कंसात टाकावीशी वाटली. मी पुन्हा उभी राहिले. कित्येक वर्षांत मला इतकं जिवंत वाटलं नव्हतं.

"पगार सरकारचाच आहे," मी म्हणाले. "मी तो घेते. उद्याही घेईन, सोडण्याइतकी मी शूर नाही. आणि उद्या वर्गात पुन्हा तेच शिकवीन जे आजवर शिकवलं, कारण मी कशीही असले तरी ते खरं आहे. कुणाला खुपलं तर त्यांनी मला काढून टाकावं. मी अर्ज करणार नाही. तुझं भाषण अडवलं ते मात्र चूक होतं. घाबरून केलं. तुझ्यासाठी घाबरले असं मी म्हणत होते, पण मी माझ्यासाठीच घाबरले होते."

ती शांतपणे ऐकत होती, तोंडी परीक्षेत मी ऐकते तशी. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"पटलं नाही," ती म्हणाली. "पण ठीक शे. बसा. आता कांद्यावर येऊ."